मासा उताणा करून बघायचा असतो

— अहो नाही नाही, शेपटीला नका धरू, मॅडम! शेपटी म्हणजे काय पातेल्याचा दांडा आहे? डोक्याच्या मागे धरायचं, चिमटा अर्धवट मिटून, अजून जीव असल्यासारखं — हां, असं. आणि आता उताणा करा. करा करा, तो काही लाजत नाही. मासा उताणा करून बघायचा असतो. म्हणजे बाकीचे नाही हं, बाकीच्यांना कुशीवर झोपवायचं, खवले मोजायचे, पर मोजायचे, झालं काम. पण आमचे हे चिकटे — चिकटे हे नाव मीच ठेवलंय, पुस्तकात शोधू नका, सापडायचं नाही — यांना वरून बघून काय कळणार? कपाळ! चपटं डोकं, मागे निमुळतं होत गेलेलं अंग, पाय फुटायच्या आधी बेडकाचं पिल्लू असतं तसलं ध्यान. लांबी करंगळीएवढी, तीही लहान मुलाच्या करंगळीएवढी. पण उलटा केला की पोटाखाली ही बघा वाटी! पोटाच्या दोन परांची आणि छातीच्या परांच्या बुडाची मिळून झालेली वाटी, आणि वाटीत हे बारीक बारीक दाणे, दिसतायत ना? जरा दिवा जवळ घ्या. दाणे पुढे किती, कडेला किती, मधोमध आहेत की नाहीत, यावरच कोण कुठला ते ठरतं. मला माहितीय तुम्हाला माहितीय. तुम्ही डॉक्टर आहात या विषयातल्या, दोन दिवस प्रवास करून आलात, मी आपला बरण्या सांभाळणारा. पण हात बसू दे जरा. हा साधा मासा आहे, याच्यासारखे आमच्याकडे दीडशे आहेत. याच्यावर हात बसला की मग बघू तुमचा तो चारशे सतरा.

काय? हो, काढतो ना, पळून चाललाय का तो? एकतीस वर्षं त्याच फडताळात बसलाय, अजून अर्धा तास बसेल. हे बघा, खवला एक नाही अंगावर, हात लावून बघा. नुसता बुळबुळीत थर. पाठीवर पर एकच, तोसुद्धा पार शेपटीजवळ ढकललेला, आणि त्याला काटा म्हणून नाही. पोटात हवेची पिशवी नाही, म्हणजे तरंगायची सोय नाही. हत्यार नाही, चिलखत नाही, पोहण्याच्या नावाने बोंब — आणि राहायचं कुठे, तर जिथे लाटा दिवसरात्र डोकं आपटतात त्या खडकावर! मग करायचं काय? चिकटायचं. लाट येवो, वादळ येवो, हा ढिम्म. सरांनी एकदा काय केलं — सर म्हणजे आमचे सर, ज्यांनी हा सगळा संग्रह उभा केला, भिंतीवर फोटो आहे बघा, हसणारे — सरांनी एक जिवंत चिकटा ओल्या दगडावर बसवला आणि विद्यार्थ्यांसमोर माशाला धरून दगड उचलला! मासा करंगळीएवढा, दगड माझ्या दोन मुठींएवढा. पोरांची तोंडं उघडीच्या उघडी. आणि सर त्या माशाला म्हणतात, "आभारी आहे हं, आता ठेवा खाली." त्यांची पद्धतच ती — माशांना अहो, माणसांना अरे. नवीन बादली आली की आधी वाकून म्हणायचे, "या, प्रवास बरा झाला ना? जरा उताणे होता का?" आणि मला, "अरे बरणीवाल्या, झाकण कुठे मेलं?"

नाही हो, गोबी माशाची वाटी वेगळी. तुम्ही मुद्दाम विचारताय ना, मला येतं का बघायला? विचारा, विचारा. गोबीचे पोटाचे दोन पर नुसते एकमेकांना जोडून पेला झालेला असतो, दाणेबिणे काही नाही, आणि पाठीवर पर दोन. आणि तो शार्कला चिकटून फुकट फिरणारा, तो तर डोक्याने चिकटतो, पाठीचा पर पुढे सरकून त्याची चकती झालेली. म्हणजे एक छातीपोटाने चिकटतो, एक डोक्याने. आणि माणूस खुर्चीला कशाने चिकटतो ते मी कार्यालयात रोज बघतो. हसू नका, वरच्या मजल्यावर आवाज जातो.

आणि बिचाऱ्यांच्या कुळाची काय परवड! तुमच्यासारख्या मोठ्या लोकांनी किती वेळा बिऱ्हाड हलवलं त्यांचं. आधी म्हणाले, हाडं त्या बेडूकतोंड्या माशांसारखी दिसतात, तिकडे नेऊन ठेवा. ठेवलं. मी सगळ्या बरण्या उचलून पलीकडच्या फडताळात नेल्या, कंबर धरली माझी. मग दहा वर्षांनी पत्र, की नाही, चुकलं, यांचे खरे भाऊबंद ते ब्लेनी मासे, त्यांच्या शेजारी न्या. पुन्हा उचल! आतल्या आत भाऊहिस्से तर विचारूच नका. याची वाटी एकेरी, त्याची दुहेरी — याचे दात कातरीसारखे, त्याचे सुळ्यासारखे — आणि कल्ले! कुणाचे तीन, कुणाचे साडेतीन. साडेतीन कल्ले, मॅडम! अर्धा कल्ला कुणी मोजला असेल पहिल्यांदा? त्याची बायको घरी काय म्हणत असेल? तुम्ही आता पुन्हा नवी मांडणी करताय असं पत्रात लिहिलंय, करा, पण एक विनंती, फडताळं बदलू नका. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय, तोवर जिथे आहेत तिथे असू द्या.

चहा? नको? पाणी? बरं, मग हा बघा. हा जगतो काट्यांत. तो काटेरी गोळा असतो ना समुद्रातला, साळिंदरासारखा, त्याच्या काट्यांमध्ये हा डोकं खाली करून उभा. लांबुळका, अंगावर उभी रेघ, म्हणजे काट्यांत काटा होऊन जातो. आणि हा हिरवा — आता स्पिरिटमध्ये पिवळट झालाय, रंग कुणाचा टिकतो — हा समुद्री गवताच्या पात्यावर चिकटून राहतो, पातं हललं की हाही हलतो. नर अंडी राखतो बरं का यांच्यात. बायको अंडी घालून जाते निघून, हा बसतो दगडाखाली राखण करत, खात नाही पीत नाही. मी घरी हे सांगितलं तर आमची ही म्हणाली, कुळ चांगलं आहे, नाव बदलून घ्या आपलं. आणि हा बघा, हा तुमच्या कामाचा नाही, पण बघून ठेवा. कुण्या शहाण्याने खडकावरून ओढून काढलाय. वाटी बघा त्याची, कशी लक्तरं झालीत, कातडं सुटून लोंबतंय, दाणे अर्धे गेलेत, कड फाटलीय. असे दहाबारा तरी आले असतील माझ्या हाताखालून. एका नजरेत ओळखतो मी. ओढायचं नसतं हो त्यांना. ओढलं की ते आणखी घट्ट धरतात.

हो, आठवण आहे मला. चारशे सतरा. तिसऱ्यांदा विचारलंत. काढतो म्हटलं ना — किल्ली कुठे गेली बघू — ही नव्हे, ही दाराची — तुम्हाला कुणी सांगितलं? खाली पहारेकऱ्याने? त्याच्या तोंडाला काही झाकण नाही. हो, आहे. चारशे सतराला माझं नाव आहे. माझं नाव, आणि त्याला मागून एक लॅटिन शेपूट. जगातली त्या प्रजातीची एकच प्रत, ती आमच्याकडे, आणि तिला नाव बरणीवाल्याचं. त्यात काय एवढं? लोक कुत्र्यामांजरांना नावं देतात, रस्त्यांना देतात, सरांनी माशाला दिलं. आमचा मेहुणा त्या वर्षी घरात शिरला की आधी विचारायचा, "भाऊजी, पाणी बदललं का?" सासूबाईंना वाटलं मला बढती मिळाली, त्यांनी शेजारीपाजारी पेढे वाटायची तयारी केली, आणि कळलं मासा, तेव्हा म्हणाल्या, निदान खायचा आहे का? पुढे मुलीने शाळेत निबंध लिहिला, 'माझे बाबा आणि त्यांचा मासा'. मी तो फाडला. हो, फाडला. आठ वर्षांची होती. रडली. कशाला लिहायचं, म्हटलं, असल्या गोष्टी मिरवायच्या नसतात. ती आता तुमच्याएवढी आहे आणि अजून मधूनच म्हणते, बाबा, तुम्ही माझा निबंध फाडला होतात. विषय कुठून कुठे गेला बघा.

सापडली किल्ली. खिशातच होती, कुठे असणार? तर हे आमचं लाल फीतवाल्या बरण्यांचं फडताळ. लाल फीत म्हणजे मूळ नमुना, ज्याच्यावरून प्रजातीचं वर्णन झालं तो. हे गेले तर गेलं सगळं, म्हणून कुलूप. स्पिरिट मी स्वतः बघतो दर तीन महिन्यांनी, थेंबभर कमी झालं तरी भरतो. हा घ्या. चारशे सतरा. दिसत नाहीये? लेबल आडवं आलंय. बरणीच्या आतच असतं ना लेबल, माशाबरोबर भिजत, शिसपेन्सिलीने लिहिलेलं, सरांचं अक्षर आहे बघा, किती सुंदर. मी लेबल नेहमी पुढे करून ठेवतो. मासा मागे. का म्हणजे? सवय. उजेडाने रंग जातो. आता रंग राहिला नाही ते खरं आहे, पण सवय. तुम्ही म्हणता ना पत्रात — 'एकतीस वर्षांत दुसरी प्रत न मिळाल्याने प्रजातीच्या ग्राह्यतेविषयी शंका' — पाठ झालंय मला ते वाक्य — तर शंका घ्या, शंका घेणं तुमचं कामच आहे. पण आधी दोन मोठी माणसं येऊन बघून गेलीत आणि दोघांनी लिहून दिलंय, वाटीच्या मधोमध दाणे नाहीत, जवळच्या बाकी सगळ्या प्रजातींत आहेत. टक्कल आहे. तेच या माशाचं वेगळेपण. तुम्हीही तेवढं लिहा आणि मोकळ्या व्हा. त्या खिडकीपाशी बसा, उजेड चांगला — झाकण मी काढतो — हां, ताटलीत घ्या — अहो हळू, हळू मॅडम! एकदा खरवडला गेलाय बिचारा, आता पुन्हा —

काही नाही. काही नाही म्हणालो. तुमचं पेन का थांबलं? लिहा ना. लांबी मोजायची असेल ना आधी, पट्टी त्या खणात आहे.

बघू नका असं. माझी मुलगी अशीच बघते.

बरं. बसतो मी जरा. हे स्टूल तुमच्याइतकं जुनं आहे, करकरतं. सांगतो, पण लिहू नका. किंवा लिहा. मला आता कळत नाही काय करावं. नोकरीला लागून महिना झाला होता मला आणि लग्नाला तीन आठवडे. सर पहाटे ओहोटीला जाऊन दोन बादल्या भरून आले होते. दिवसभर आम्ही एकेक मासा काढत होतो आणि शेवटी हा एक राहिला, ट्रेच्या भिंतीला चिकटलेला. पाच वाजले होते. ही बाहेर फाटकापाशी उभी होती, सहाचा सिनेमा, नवी साडी. आणि सरांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं — ओढायचं नाही, ढकलायचं नाही. नखाची कड वाटीखाली सरकवायची आणि थांबायचं. तो आपणहून सोडतो. कधी एक मिनिट, कधी वीस. सर जाताना म्हणाले, "त्यांना त्यांच्या वेळेने येऊ दे रे." मी थांबलो, नाही असं नाही, चार मिनिटं थांबलो. मग घेतली ती चपटी पट्टी, मलम कालवायला असते ना तसली, घातली खाली आणि दिली एक. चर्र झालं. आवाज आला मला, अजून येतो. पट्टीला पांढरं पांढरं काहीतरी लागलं होतं. पँटला पुसलं, मासा बरणीत टाकला, झाकण लावलं, धावत सुटलो. सिनेमा भिकार होता.

पुढे आठ महिन्यांनी सर या खिडकीपाशी बसले होते आणि एकदम ओरडले, "अरे बरणीवाल्या, इकडे ये! यांना मधोमध दाणेच नाहीत!" मला कळलं ना, दाणे कुठे गेले ते. माझ्या पँटला! पण सर असे नाचत होते, मॅडम, पन्नाशीतला माणूस टेबलाभोवती नाचत होता. उभ्या आयुष्यात पहिली नवी प्रजाती त्यांची. मी म्हटलं उद्या सांगू. उद्या त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. म्हटलं परवा सांगू. मग लेख गेला छापायला. आणि मग मला बोलावून म्हणतात, नाव तुझं देतोय. मी म्हटलं सर, माझं कशाला? तर काय म्हणावं त्यांनी? म्हणाले, "इतका नाजूक जीव, पण तू किती अलगद काढलास. दुसऱ्या कुणी फाडला असता." अलगद! मला वाटलं, या फरशीने मला पोटात घ्यावं. मूग गिळून बसलो, ते आजतागायत.

हो, माझ्याही मनात आलं होतं ते, की सरांना कसं कळलं नाही? सरांना मोतीबिंदू होता तेव्हा. पुढे ऑपरेशन झालं, पण तेव्हा होता. आणि आनंद. आनंदात माणसाला दिसत नाही. आणि ते दोघे मोठे आले, त्यांना तरी काय, सरांनी लिहिलंय म्हणजे असणार. दाणे मोजले, शून्य लिहिलं, गेले जेवायला. का नाहीत ते कोण विचारतो? तुम्ही पहिल्या. म्हणून तर सकाळपासून तुम्हाला इकडचं तिकडचं दाखवतोय. तुमच्या लक्षात आलं असेलच. बरं वाटलं असतं हो मला, तुम्ही कंटाळून उठून गेला असतात तर.

मी पाहिला का? नाही. त्यानंतर नाही. एकदाही नाही, मॅडम. स्पिरिट भरतो ते तोंड फिरवून. जगातले सगळे चिकटे मी उताणे करून पाहिले असतील, हा सोडून. आणि खरं सांगू का, मासा टाळायचा तर सोपं होतं, लेबल पुढे केलं की झालं. सर टाळायला फार त्रास पडला. ते भेटले की पहिलं वाक्य, "तुमचे नामबंधू कसे आहेत?" — ही एकच वेळ मला अहो म्हणायचे. चारचौघांत खांद्यावर हात ठेवून सांगायचे, याच्या नावाचा मासा आहे बरं का. त्यांचा निरोप समारंभ झाला वर मोठ्या दालनात, मला व्यासपीठावर बोलावणार होते, मी इथे खाली कडी लावून बसलो आणि सांगितलं, स्पिरिट सांडलंय. नंतर ते आजारी पडले. चौदा महिने अंथरुणाला होते, इथून दोन गल्ल्या पलीकडे. इथून! चालत गेलो तरी माझा चहा गार झाला नसता. पहारेकऱ्याकडून निरोप पाठवायचे, बरणीवाल्याला म्हणावं ये, नामबंधूंची खबर सांग. मी म्हणायचो, स्पिरिट बदलायला काढलंय, पुढच्या आठवड्यात येतो. किती आठवडे असतात चौदा महिन्यांत? गेलो मी. नाही असं नाही. गेलो, पण तेव्हा दारात चपला काढायलाही जागा नव्हती, इतके लोक जमले होते. आता हे मी तुम्हाला का सांगितलं? हे कुणालाच सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. तुम्ही काही बोलतच नाही हो, त्यामुळे माणूस वाहवत जातो.

तर लिहा आता. एकच मासा, तोही खरवडलेला, प्रजाती बाद. माझं नाव पुसलं गेलं तर मला दुःख नाही, देवाशपथ नाही, उलट सुटेन. सरांचं वाईट वाटतं. एकच होती हो त्यांची. पण खोटं किती दिवस सांभाळायचं, तेही फीत बांधून?

काय? मी? नको. नको हो, तुम्ही बघितलंत तेवढं पुरे. मी कशाला? माझा चष्मा — हा घातलेलाच आहे. अहो पण — बरं. बरं, सरका. एवढ्यानेच जर तुमचं समाधान होणार असेल. कुठे फिरवायचं हे, तुमचं यंत्र नव्या तऱ्हेचं आहे — हां. दिसलं. वाटी. आई गं, किती लहान आहे हा. माझ्या आठवणीत हा मोठा होता.

थांबा.

दिवा जरा डावीकडे घ्या. अजून. हां, थांबा, हलवू नका. दाणे नाहीत मधोमध, ते बरोबर — पण हे कातडं — हे सलग आहे, मॅडम. हे फाटलेलं नाही. मघाशी तुम्हाला तो ओढून काढलेला दाखवला ना, त्याची लक्तरं पाहिलीत ना तुम्ही, इथे लक्तर कुठे आहे? साफ आहे. गुळगुळीत. कडेचे दाणे ओळीत येतात आणि ओळीतच संपतात, एकही तुटलेला नाही. चिमटा द्या. देता का जरा — हळू — हे असं आहे का — हो. हो! हे जन्मापासूनच असं आहे. याला दाणे नव्हतेच! आणि हा — हा इथे, पार कडेला, वाटीच्या बाहेर, हा केसाएवढा ओरखडा — हा माझा. पट्टीचा. एवढाच. पांढरं लागलं होतं ते नुसतं अंगावरचं बुळबुळीत असणार, सगळ्यांच्या अंगाला असतं ते, मीच सांगतो ना येणाऱ्या-जाणाऱ्याला! तुम्हाला आधीच दिसलं होतं ना? म्हणून मला बसवलंत. अहो, मग बोलायचं नाही का! हात्तिच्या! आहे! खरा आहे! सरांचा मासा खरा आहे, मॅडम, लिहा, मोठ्या अक्षरात लिहा, ग्राह्य, शंभर टक्के ग्राह्य! आणि अलगद काढला होता मी — म्हणजे अगदी अलगद नाही, पण फाडला नव्हता! सर बरोबर बोलले होते! मोतीबिंदू कसला, सरांना सगळं नीट दिसत होतं, मीच गाढव, एकदा, फक्त एकदा उलटून बघायचं होतं, दोन मिनिटांचं काम, आजच घरी जाऊन मुलीला सांगतो, लिही निबंध, आणि संध्याकाळी सरांकडे जाऊन —

...

काही नाही.

नाही, बरा आहे मी. पाणी नको. मासा बरणीत घाला, लेबल आत जातंय ना बघा, झाकण मी नंतर घट्ट करतो. तुम्ही जा आता. तुमचं काम झालं ना? झालं की. उरलेली मापं उद्या घ्या, उद्या सकाळी उघडतो मी लवकर. आज नको. जा म्हटलं ना, मॅडम, रागावलो नाही तुमच्यावर. आणि जाताना खाली पहारेकऱ्याला सांगा, संग्रह आज बंद आहे. कारण विचारेल तो, भारी चौकस आहे. सांगा, बरणीवाला एकांना भेटायला गेलाय.

नको. तसं नका सांगू. नुसतं बंद आहे म्हणा.